टेपचं दुसरं टोक

१

मशीन चालू असली की आतलं काही ऐकू येत नाही. म्हणून सिद्धोधन एक शिवण संपली की पाय थांबवायचा आणि मधल्या खोलीकडं कान द्यायचा. मध्ये फुलाफुलांचा पडदा, पडद्याआड खाट, खाटेवर नीलम. तिला हाक मारायचीही ताकद उरली नव्हती. उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवलेला असे. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, नाहीतर नुसताच कंटाळा आला असला, तरी ती पेल्यावर चमचा वाजवायची. तो आवाज आला की सिद्धोधन दोरा सुईत तसाच सोडून उठायचा.

राणीसावरगावातलं त्याचं शिलाईचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीपाशी पायाची मशीन, भिंतीला उभा आरसा, आरशाशेजारी तयार कपडे टांगायच्या खुंट्या. त्याची बायको बबिता काविळीनं गेली तेव्हा नीलम पहिलीत होती. तेव्हापासून त्यानं मशीन चालवता चालवता पोर वाढवली. शाळेत जाताना तिच्या वेण्या तोच घालायचा. शेजारच्या चांगुणाबाई म्हणायच्या, "कशा शिवणीवानी सरळ घातल्यात बघा. यकांदा टाका उसवला तर पोरगी सुटून जाईल."

आता नीलम सोळा वर्षांची होती. दिवाळीनंतर तिच्या अंगावर निळे डाग दिसायला लागले. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. परभणीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, हाडांतला मगज रक्त करेनासा झालाय. औषध सुरू केलंय, पण ते लागू पडलं की नाही हे कळायला काही महिने जातील. तोवर रक्त चढवायचं आणि वाट बघायची. लागू पडलं नाही तर काय, हे सिद्धोधननं विचारलं नाही. डॉक्टरांनीही आपण होऊन सांगितलं नाही.

वैशाखातल्या एका दुपारी पेला वाजला. सिद्धोधन आत गेला.

"पप्पा, पौर्णिमेला मी वंदना म्हणणार हाव," नीलम म्हणाली. आवाज असा की वाकून ऐकावं लागे. "मला पांढरा ड्रेस पायजे. नवा."

"जुना हाय की."

"त्यो व्हतो का आता मला? आतमदी दोन नीलमी बसतेल."

दरवर्षी बुद्धपौर्णिमेला विहारात त्रिशरण-पंचशील सांगायला नीलमच उभी राहायची. ती म्हणायची, आणि तिच्यामागून सगळी गल्ली म्हणायची. लाईट जाऊन माइक बंद पडला तरी तिचं काही अडत नसे, असा खणखणीत आवाज. सिद्धोधननं तिच्याकडं बघितलं आणि मान हलवली. यंदा ती विहाराच्या पायऱ्याही चढू शकणार नव्हती, हे त्याला कळत होतं. पण पोरीनं काहीतरी मागितलं होतं. कितीतरी दिवसांनी मागितलं होतं.

पांढरं सुती कापड घरात होतं. माप घ्यायला म्हणून त्यानं तिला खाटेवर उठवून बसवलं. क्षणभर बरी होती, मग डोळे फिरले, नाकातून रक्ताची बारीक धार आली. त्यानं तिला हळूच परत निजवलं आणि ओल्या फडक्यानं नाक पुसलं.

"पडल्या पडल्याच घ्या की माप," ती म्हणाली.

गळ्यातल्या टेपवर त्याचा हात थांबला.

गंगाखेडला ख्वाजामियाँ उस्तादांच्या हाताखाली तो शिलाई शिकला होता. उस्तादांनी काम शिकवताना कधी आवाज चढवला नाही. एकदाच हातावर चापटी मारली होती. अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्याचं माप आणायला सिद्धोधन टेप घेऊन निघाला होता, तेव्हा. "लेटे हुए का नाप नक्को लेना रे. पुराना शर्ट ला उसका," एवढंच म्हणाले. का, म्हणून विचारलं, तर उस्ताद सुईत दोरा ओवत राहिले.

सिद्धोधन असल्या गोष्टी मानणारा माणूस नव्हता. उतारे, अंगारे, लिंबू-मिरच्या त्याच्या आजानं छप्पन साली धम्म घेताना दाराबाहेर ठेवल्या त्या पुन्हा आत आल्या नव्हत्या. म्हाताऱ्या माणसांच्या खोडी असतात. जुन्या कपड्यावरून बेतावं, तर पोरगी अर्धी झालेली. त्यानं गळ्यातली टेप काढली.

पाठीखालून टेप सरकवताना तिचे मणके बोटांना लागले. छाती, कंबर, बाही. एकेक माप तो खडूनं पाटावर लिहीत गेला. शेवटी उंची. उशाकडं उभं राहून त्यानं टेप खांद्यावर धरली आणि पितळी टोक पायाकडं सोडून दिलं. टेप सळसळत गेली आणि ताठ झाली. त्यानं खांद्यापाशी आकडा वाचला, लिहिला, आणि टेप गळ्यात टाकली.

माप कसं एका दमात निघालं, असं वाटून तो जरा खूशच झाला.

२

ड्रेस दुसऱ्या दिवशी तयार झाला. गळ्याला त्यानं बारीक पांढरी लेस लावली, कडक इस्त्री केली आणि आरशाजवळच्या खुंटीवर टांगला. नीलमला पडदा बाजूला करून खाटेवरूनच दाखवला.

"पौर्णिमेलाच घालीन," ती म्हणाली.

त्यानंतरच्या सकाळी शाळेचे शिवलेले गणवेश टांगायला म्हणून तो खुंटीपाशी गेला, तेव्हा बाह्यांना कोपरापाशी मोड पडलेली दिसली. दोन्ही बाह्यांना. सलवारीलाही गुडघ्यामागं तशीच. इस्त्रीचा कपडा नुसता टांगून ठेवला तर असा मोडत नाही. अंगावर घालून, बसून-उठून काढून ठेवल्यावर मोडतो. हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? आयुष्य कपड्यांत गेलेलं.

"ड्रेस घालून बघितलास का गं?" त्यानं आत जाऊन विचारलं.

नीलम हसली. "मला पेला उचलंना पप्पा, आन् सलवारीची नाडी बांधीन?"

चांगुणाबाई भाकरी घेऊन आल्या. सकाळची भाकरी त्या आपल्या घरूनच आणायच्या. "बाप्याच्या हातची भाकर पोरीनं किती दिस खावी," असं त्यांचं म्हणणं. सिद्धोधननं त्यांनाही विचारलं.

"मी?" त्यांनी पदर खांद्यावर टाकला. "माजा एक दंड तरी जाईल का त्यात? घालायचाच असंल तर दोन ताग्यांचा शिव मला, पांढऱ्या हत्तीवानी फिरते गावात."

आतून नीलमचं हसू ऐकू आलं, आणि ते ऐकायलाच चांगुणाबाई एवढ्या बोलल्या हे सिद्धोधनला कळलं. तोही हसला. त्यानं ड्रेसला परत इस्त्री केली.

पुढच्या सकाळी मोड पुन्हा होती. शिवाय मानेच्या लेसला घामाचा पिवळसर डाग. सिद्धोधननं ड्रेस नाकाशी धरला. घामाचा कपडा हजारांत ओळखू येतो. याला घामाचा वास नव्हता. नव्या कापडाच्या खळीचा नव्हता, इस्त्रीचा नव्हता, घरातल्या फोडणीचाही नव्हता. कसलाच वास नव्हता. त्यानं आपला हात हुंगून बघितला. त्याला मशीनच्या तेलाचा वास नेहमीसारखा होता.

दार उघडं असतं, गल्लीतल्या कुणा पोरीनं घालून बघितला असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. त्या दिवसापासून तो दाराला कडी लावून काम करायला लागला. उकाडा सोसेना तेव्हाही कडी काढली नाही.

नीलमचा ताप त्याच दिवशी सुरू झाला.

३

"पप्पा, मोसंबी आणायला गेल्यावर मशीन चालू ठिवून जायलाव का?"

सिद्धोधन तिचे पाय चेपत होता. हात थांबले.

"पायाची मशीन हाय बाळा. चालू कशी ठिवीन?"

"मला आवाज येतो ना पण. तुमी गेले की चालू हुती. तुमी आले की बंद."

"तापात कान वाजत्यात."

"असंल," ती म्हणाली. वाद घालायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं. पूर्वी बापाला शब्द खाली पडू द्यायची नाही.

मांजर पायडलवर उडी मारत असेल. खिडकीतून वाऱ्याची झुळूक येऊन चाक फिरत असेल. वैशाखात राणीसावरगावात कसली झुळूक, हा विचार त्यानं बाजूला सारला. बाहेर पडताना त्यानं मशीनचा पट्टा चाकावरून उतरवून ठेवला. पट्टा नसला की पायडल किती का हलेना, सुई हलत नाही. परत आला तेव्हा पट्टा तसाच लोंबत होता. त्याला बरं वाटलं. मग सुईकडं लक्ष गेलं. जाताना सुई वर ठेवली होती. शिंप्याचा हात न बघता तसंच करतो. आता ती खाली, कापड सरकवणाऱ्या दातांच्या पट्टीत रुतलेली होती.

त्यानं सुई परत वर घेतली.

संध्याकाळी नीलमला जरा हुशारी वाटली. तो तिच्याजवळ बसून गणवेशांची बटणं लावायला लागला. काहीतरी बोलायचं, तिला जरा चढवायचं म्हणून म्हणाला, "तुजा ड्रेस असा बसंल बघ, गावात कुणाला बसला नसंल. आडव्या माणसाची उंची घेणं सोपं न्हाई. त्या दिवशी तू पायाच्या बोटांत टोक पक्कं धरलं म्हणून निघाली."

"कुठलं टोक?"

"टेपचं. पायापाशी."

नीलमनं त्याच्याकडं बघितलं. तापानं तिचे डोळे मोठे दिसत होते.

"मी कुठं धरलं, पप्पा? माजे हात तर पोटावर हुते. पाय उचलायची बी ताकद न्हाई मला." ती थोडं थांबली. दम लागला होता. "मला तर वाटलं तुमीच खाली काहीतरी लावलं. मला गार लागलं हुतं तितं."

"कुटं?"

तिनं डाव्या घोट्याकडं नजर केली.

त्यानं पांघरूण बाजूला केलं. अंगावर इतके डाग होते की त्यांचं आता काही वाटेनासं झालं होतं. पण घोट्यावरचा डाग गोल नव्हता. तो आडवा होता, अरुंद, टेपच्या रुंदीएवढा.

पडद्याच्या पलीकडं काही वाजलं नाही. एरवी पुढच्या खोलीत तापला पत्रा वाजायचा, घड्याळ चालायचं, कापड सरकायचं. काहीतरी कायम होत असायचं. त्या वेळी तिथं कुणीतरी हालचाल थांबवून उभं राहिल्यासारखं झालं.

"भाकर खाशील का?" सिद्धोधननं विचारलं. स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्याचा वाटला.

४

चुकीचं माप घेतलं की ते खोडायचं आणि परत घ्यायचं. शिलाईत प्रत्येक चुकीला एवढाच उपाय असतो. रात्रभर त्याला दुसरं काही सुचलं नाही, आणि सकाळी त्यानं पाटावरचे खडूचे आकडे ओल्या फडक्यानं पुसले. चांगुणाबाई भाकरी घेऊन आल्या तशी त्यांना म्हणाला, "माय, तिला जरा उभं धरा. माप घ्यायचंय."

"ड्रेस शिवून झाला की तुजा."

"चुकलाय."

"बघ बाबा. पोरीत जीव न्हाई."

"घडीभर धरा. मी हात जोडतो."

त्याच्या तोंडाकडं बघून त्यांनी भाकरी खाली ठेवली. पोरीच्या काखेत हात घालून तिला उभी केली. सिद्धोधननं टेप तिच्या खांद्यावरून सोडली आणि खालचं टोक धरायला तो बसला. पितळी टोक घोट्याकडं यायला लागलं, आणि घोट्याच्या वीतभर वर येऊन थांबलं. तो खाली ओढत होता. टेप खाली येत नव्हती. वरून कुणीतरी धरावी तशी.

"सोडा की माय."

"मी कशाला धरू? माजे दोनी हात हिला धरायला लागलेत."

नीलमची मान मागं कलंडली. नाकातोंडातून रक्त आलं. चांगुणाबाईंनी तिला खाटेवर घेतलं आणि जीपवाल्या भुजंगला हाक मारायला त्या अनवाणीच धावल्या.

परभणीच्या दवाखान्यात रक्त चढवलं, रक्ताच्या पेशीही चढवल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांतपणे बोलायच्या. "पेशी फारच खाली गेल्यात. औषध अजून तरी लागू पडत नाहीये. हा आठवडा महत्त्वाचा आहे." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टर लोक खांद्यावर हात कधी ठेवतात हे सिद्धोधनला बबिताच्या वेळेपासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी नीलमचे कपडे आणायला तो एकटाच गावी आला. चांगुणाबाई तिच्यापाशी थांबल्या. कपडे हे निमित्त होतं. तो ड्रेस उसवायचा, टाकान्‌टाका उसवायचा, कापडाचं कापड करून टाकायचं, असं त्यानं एसटीत ठरवलं होतं.

भर दुपार. गल्लीत कुत्रंही सावली सोडून हलत नव्हतं. घरांची दारं लोटलेली. तो कुलपाला किल्ली लावणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

मशीन चालली होती.

तो किल्ली धरून उभा राहिला. दुसऱ्या कुणाच्या घरातून येत असेल, असं म्हणायला गावात दुसरी मशीन होती, पण ती पार शाळेपाशी. आणि ही चाल त्याच्या ओळखीची होती. लांब शिवण, मग थांबणं. कान देण्याइतका वेळ. मग पुढची शिवण. पुन्हा थांबणं.

आत कुणीतरी शिवण संपली की थांबून कान देत होतं.

पळून जावं असं त्याच्या पायांना वाटत होतं. पण परभणीतल्या खाटेवर पोर होती. त्यानं कुलूप काढलं.

आवाज थांबला. मशीनचा पट्टा त्यानं परवा उतरवला होता, तो तसाच लोंबत होता. चाक मात्र अजून फिरत होतं, हळू, आणखी हळू, आणि थांबलं. सुईखाली कापड नव्हतं. खुंटीकडं बघितलं. हँगर होतं. ड्रेस नव्हता.

पडद्याआड पेला वाजला.

ट्‌ण. कूस बदलायची असली की नीलम एकदाच वाजवायची, तसा.

पेला आणि चमचा परभणीला होते. चांगुणाबाईंनी त्याच्यादेखत पिशवीत घातले होते. हे आठवायच्या आधीच सिद्धोधनचे पाय सवयीनं पडद्यापाशी जाऊन पोचले होते. हातानं पडदा बोटभर सरकवला होता.

खाटेचं पायथ्याचं टोक दिसलं. पांढऱ्या सलवारीच्या मोहऱ्या, घोट्यापाशी येतात त्या कडा, दिसल्या. त्या सपाट पडलेल्या नव्हत्या. आत काहीतरी भरलेलं होतं, सरळ, जुळवून ठेवलेलं. मोहऱ्यांच्या पुढं पाय असायला हवे होते. पुढं खाटेची लाकडी पट्टी होती. गादी मात्र माणूस निजल्यावर दबते तेवढी दबली होती. त्याची नजर आपोआप वर सरकली, गुडघ्यांवरून कुडत्याच्या घेरापर्यंत, बाहीपर्यंत, आणि त्यापुढं त्यानं ती जाऊ दिली नाही.

कारण बाही हलली. अंगापासून जराशी बाजूला झाली. माप देताना गिऱ्हाईक हात बाजूला घेतं, तशी.

त्यानं पडदा सोडला. पाठ भिंतीला लागली. समोरच्या आरशात तो स्वतःच दिसत होता, घामानं निथळलेला, गळ्यात टेप. टेपचं एक टोक छातीवर सरळ लोंबत होतं. दुसरं टोक सरळ लोंबत नव्हतं. ते पडद्याकडं तिरकं, ताठ झालं होतं, आणि मानेला टेपचा हलका हलका ओढा लागत होता. घाई नव्हती त्यात. दुकानात बसलेलं गिऱ्हाईक आपली आठवण करून देतं, तेवढाच ओढा.

सिद्धोधनच्या मनात त्या वेळी कोण, कुठलं, का, असलं काही आलं नाही. एवढंच आलं, की माप दिलं गेलंय, कपडाही शिवला गेलाय, आणि घेणारा आपली वस्तू घेतल्याशिवाय जाणार नाही.

"ते माप चुकलंय," तो म्हणाला. "पोरीचं न्हाई ते. शिंप्याची चूक हाय. चुकलेलं माप शिंपी बदलून देतो."

ओढा तसाच.

"तिचं खोडा. माजं देतो. तसंच. आडवं."

बाहेर पत्रा कडकन वाजला. टेप सैल पडून त्याच्या पोटावर आपटली.

तो किती वेळ उभा होता, कुणास ठाऊक. मान वळवली तर खुंटीवर ड्रेस होता. पांढरा, कडक इस्त्रीचा. कुठं मोड नाही, लेसला डाग नाही. तो मघापासून तिथंच होता आणि आपणच बघितला नाही, असंही असू शकेल. सिद्धोधननं त्याला हात लावला नाही, उसवलाही नाही. नीलमचे दोन जुने गाऊन पिशवीत कोंबले आणि पडद्याकडं पाठ न करता तो घराबाहेर आला.

५

वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या धुरपताबाईंना सकाळीच घरी सोडलं होतं. खाट रिकामी होती, चादर बदललेली. दोन्ही खाटांमध्ये एक स्टूल बसेल एवढीच जागा.

नीलमचा ताप उतरला नव्हता. ओठांवर रक्ताची खपली होती. चांगुणाबाई जिन्याखाली चहा आणायला गेल्या, तसा सिद्धोधन उठला. चप्पल काढली, शेजारच्या खाटेवर पाठ टेकली आणि पाय सरळ केले.

"पप्पा, सिस्टर वरडंल," नीलम पुटपुटली.

"वरडू दे. पाठ धरली. बाळा, एक काम करशील का? माजं माप घे."

"कशाचं?"

"शर्टाचं. पौर्णिमेला तू पांढऱ्यात, तर मी बी पांढऱ्यात नको का? सगळ्या गावाचं माप मी घेतो, शिंप्याचं कोण घेणार? स्वतःचं स्वतःला घेता येत न्हाई."

तिच्या ओठांची खपली जराशी हलली. "शिंप्याची लेक घेईल."

"मंग घे."

"उठून उभं तर ऱ्हावा. आळशी गिऱ्हाईक."

"तू पडल्या पडल्या दिलं हुतंस. मी बी तसंच देणार."

त्यानं टेप तिच्या हाताशी दिली. तिनं ती घेतली, पण तिचं हसू थांबलं होतं. लहानपणापासून ती मशीनच्या पायाशी खेळलेली पोर. बापाच्या हाताखाली काय घडतंय हे तिला न सांगता कळायचं.

"पप्पा, त्या दिवशी..."

"आदी उंची घे. खांद्यावर दाबून धर. बाकीची खाली सोडून दे."

ती कुशीवर वळली. हात लांब केला. सुकलेली बोटं त्याच्या खांद्यावर टेकली, आणि त्या बोटांचा तो स्पर्श सिद्धोधननं नीट लक्षात ठेवला. त्यानं दोन्ही हात छातीवर जुळवून घेतले. टेप त्याच्या अंगावरून सळसळत पायाकडं गेली.

"खालचं टोक कोण धरंल?" नीलमनं विचारलं.

"धरलंय."

"तुमचे हात तर वर हायेत."

"धरलंय म्हणतो ना."

टेप ताठ झाली होती. नीलमच्या बोटांना ते कळलं. तिची नजर टेपवरून हळूहळू त्याच्या पायांकडं जाऊ लागली.

"तिकडं बघू नको," सिद्धोधन म्हणाला. "माज्याकडं बघ. आकडा वाच."

"मला न्हाई वाचायचा, पप्पा."

"वाच बाळा. शिंप्याची लेक हायेस."

तिच्या डोळ्यांत पाणी भरलं. ती कोपरावर रेलली, मग रेलण्यातून उठून बसली. कुणी न धरता. हे तिच्या लक्षात आलं नाही, त्याच्या आलं. तिनं आकडा वाचला. पुटपुटली.

"मला ऐकू आलं न्हाई," तो म्हणाला. "विहारात म्हणतीस तसा वाच."

तिनं श्वास घेतला आणि पुन्हा वाचला.

आवाज वॉर्डभर गेला. पलीकडच्या खाटांवरची माणसं वळून बघायला लागली. दारात चहाचे ग्लास घेऊन आलेल्या चांगुणाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला की हसावं की रडावं ते त्यांनाच कळत नव्हतं. "आगं माज्या लेकरा," त्या म्हणाल्या, "कुटं हुता गं इतके दिवस ह्यो आवाज?"

सिद्धोधनच्या डाव्या घोट्याला गार लागलं.

त्यानं डोळे मिटले आणि शिवण संपल्यावर द्यायचा तसा कान दिला. पेला कुठं वाजत नव्हता. मशीन मात्र लांब कुठंतरी सुरू झाली होती.